शिळं पाणी

मी अंबडच्या कोर्टातला कारकून. पंचावन्न सालच्या सुमारास रजा काढून जैसलमेर बघायला गेलो, तेव्हा धर्मशाळेत आपल्या आष्टीकडची एक बाई भेटली. नवऱ्याबरोबर यात्रेला निघालेली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि काम नसलं की हात नुसते चुळबुळायचे.

सकाळी उठल्याउठल्या तिनं, आपल्याकडे करतात तसं, घागर उचलली आणि कालचं शिळं पाणी अंगणात ओतून दिलं. वाळूनं ते क्षणात गिळलं.

पाणी आणणारी म्हातारी दारातच उभी होती. ती रिकामी घागर डोक्यावर घेऊन पुन्हा तळ्याच्या वाटेला लागली. बाईनं पदर खोचला. "थांब माय, मी बी येते," म्हणत तिच्यामागं धावली.

उन्हं तापल्यावर दोघी परतल्या. भरलेली घागर आमच्या बाईच्या डोक्यावर होती.

"चला बाई, किल्ला बघायचा राहिलाय," मी म्हणालो.

ओल्या चुंबळीनं मान पुसत ती म्हणाली, "तुमी या बघून, भाऊ. पाण्याला शिळं म्हणायला दारात आड लागतो. मला बघायचं ते बराबर दिसलं."

मी किल्ला पाहिला. पिवळ्या दगडाचा आहे. त्याहून जास्त आज काही आठवत नाही.