उजव्या चाकाचा मान

साडू हे नातं देवाने माणसाला नम्र ठेवण्यासाठी निर्माण केलं असावं, आणि माझ्या बाबतीत तर देवाने हे काम जरा जास्तच मनावर घेतलं. पुसदपासून वणीपर्यंत अख्खा यवतमाळ जिल्हा पालथा घाला, माझ्या धाकट्या साडूइतका सगळ्यांचा लाडका माणूस सापडायचा नाही, आणि त्याच्यावर माझ्याइतका जळणाराही सापडायचा नाही. तो माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. ढाणकीला त्याचं कापडाचं दुकान आहे. मी राहतो नेर तालुक्यात, सासुरवाडीला लागूनच. सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, मुलगा नाही. त्यामुळे त्यांचं वावर मीच पाहतो, बारा महिने त्यांच्या बांधावर उभा असतो. साडू वर्षातून दोन-तीनदा एसटीने उगवतो. पण तो येणार अशी नुसती कुणकुण लागली की सासूबाई पाटोडीसाठी बेसनाचा डबा खाली काढतात. एकदा मी न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, "तुमी तं घरचेच हा ना, जवाईबापू!" या 'घरचेच'च्या बळावर मी आजवर किती साधं वरण गिळलं आहे ते माझं मलाच माहीत.

या गृहस्थाचा खरा जीव कापडात नाही, लोखंडात आहे. खिशात कायम वीतभर लांबीची हातोडी. लग्नाला जावो की मयतीला, हातोडी बरोबर. दिसेल त्या लोखंडावर तो ती अलगद टिचकवतो, कान लावतो आणि डोळे मिटतो. माझ्या पुतणीच्या लग्नात त्याने मांडवाचा एक खांब असाच वाजवून पाहिला, मान हलवली आणि नवरदेवाची खुर्ची चार हात पलीकडे सरकवायला लावली. तो खांब लग्नभर जागचा हलला नाही. पण संध्याकाळी जो तो म्हणत होता की खुर्ची हलवली म्हणून बरं, नाहीतर काय झालं असतं! खुर्ची मी हलवली असती तर हीच माणसं म्हणाली असती, याले नाही त्या भानगडी पाहिजेत.

त्याची दुसरी खोड सांगितली तर खोटं वाटेल. तो गंज चाखून पाहतो. माझ्या विहिरीवरच्या पंपाचा बोल्ट नखाने खरवडून त्याने जिभेवर ठेवला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "भाऊ, पाणी खारं होऊन राह्यलं तुमचं." पाणी होतं तसंच होतं. पण माझी बायको त्या दिवसापासून वरणासाठी शेजारच्या विहिरीवरून घागर आणते, आणि वरण आता कसं लवकर शिजतं हे मला ऐकवते. त्याचं एक ठाम मत आहे. "लोखंडाले मारलं का ते रुसते, भाऊ. रुसलेल्याले हाणत नसतात, फिरवून आनतात." सासूबाईंच्या पेटीचं कुलूप अडलं तेव्हा मी सकाळपासून त्याला घासलेट पाजत होतो. हा आला, पेटीशेजारी बसून चहा प्यायला, किल्ली नुसती इकडून तिकडे खेळवत राहिला आणि बशी खाली ठेवता ठेवता कुलूप उघडलं. मला अजून वाटतं की ते माझ्या घासलेटानेच उघडलं होतं.

असो. आता ट्रॅक्टरचं सांगतो, कारण माझ्या पोटातली खरी आग तिथली आहे.

मामाजींचा ट्रॅक्टर फार जुना. मागच्या चाकांचा आस दोन्ही बाजूंना दांडक्यासारखा बाहेर आलेला, आणि चाकाचा हब त्या दांड्यावर बोल्टांनी आवळलेला. बोल्ट सैल करायचे, चाक हवं तितकं आत-बाहेर सरकवायचं आणि पुन्हा आवळायचं, अशी त्याची रचना. पण मामाजींकडे डवरणीला, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायला, बैल होते, ट्रॅक्टर फक्त नांगराला आणि ट्रॉलीला. त्यामुळे चाकं कुणी कधी सरकवलीच नाहीत. मात्र दसऱ्याला त्या ट्रॅक्टरची पूजा अशी व्हायची की काय सांगू. हबसकट सगळ्यावर रंगाचा नवा हात, वर हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि शेवटी मोठ्या जावयाच्या हस्ते नारळ. उजव्या चाकाच्या मधोमध, हबच्या लोखंडावर एका दणक्यात. त्या घरात माझा म्हणून एवढा एकच मान होता. पाटोडी त्याची, कौतुक त्याचं. पण नारळ माझा. त्या एका दणक्यावर मी वर्ष काढायचो.

त्या साली बैल थकले म्हणून मामाजींनी ते विकले आणि डवरणी ट्रॅक्टरनेच करायचं ठरवलं. कपाशी गुडघ्याला लागली होती, तासांमधलं तण तिच्याशी स्पर्धा करत होतं, आणि आमची चाकं इतकी आत होती की ट्रॅक्टर घातला तर थेट झाडांवरूनच जाणार. चाकं बाहेर काढणं भागच होतं. मी बोल्ट सैल केले आणि घन घेतला. डिझेल ओतलं, पुन्हा घन घेतला. चाक हललं नाही, माझी कंबर मात्र हलली. नेरचा मिस्त्री येऊन पाहून गेला. म्हणाला, "कापा लागीन. आन कापल्यावर याचा हब कुठी भेटते आता?" म्हणजे ट्रॅक्टर भंगारात. मामाजींनी एकदा पिकाकडे पाहिलं आणि ढाणकीला फोन लावला. आणि माझ्यासमोर, सगळ्या घरासमोर म्हणाले, "यंदाचा दसऱ्याचा नारळ ज्याच्या हातानं चाक सुटन, त्यानंच फोडावा."

त्या दिवशी मी जेवलो नाही. तो यायच्या आत एकदा शेवटचा घन घातला, तर घनाचा दांडाच तुटला.

साडू आला. पाटोडी खाल्ली. दोन्ही हबांवर हातोडी टिचकवून ऐकलं, डाव्याला "हूं" म्हणाला, उजव्याला दुसऱ्यांदा कान लावला. मग सांध्याच्या कडेने रंगाचे थर सुरीने सोलले, डिझेल सोडलं, बोल्ट जेमतेम सैल ठेवले आणि चाकं तशीच ठेवून ट्रॅक्टरच सुरू केला. आम्हाला वाटलं, हा चालला कुठे? तर गावच्या आखरावर, जिथे सकाळी गुरं जमतात तिथे. आणि तिथे त्याने ट्रॅक्टर इंग्रजी आठाच्या आकड्यात फिरवायला सुरुवात केली. हळूहळू, उजवीकडे वळ, डावीकडे वळ. "त्याच्याच वजनानं त्याले हलू द्या," एवढंच बोलला. गुरं बाजूला झाली, गाव गोळा झालं. सासूबाई त्याला आखरावर चहा घेऊन गेल्या. मला त्या चहाच्या रिकाम्या गडव्यासकट घरी पाठवलं.

दुपारपर्यंत डावं चाक सुटलं. उजवं काही केल्या सुटेना. माझ्या मनात तेव्हा जे आलं ते सांगायची लाज वाटते, तरी सांगतो. तण वाढलं तर वाढो, पण हे चाक याच्या हातून सुटू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आठाचे फेरे सुरू झाले आणि उन्हं डोक्यावर यायच्या सुमारास कट् असा आवाज आला. ट्रॅक्टर थांबला, जॅक लागला, चाक बाहेर सरकलं. गाव ओरडलं. मीही ओरडलो, कारण कपाशी अखेर मलाच पाहायची होती.

साडू मात्र उघड्या पडलेल्या दांड्यापाशी वाकला. तिथली तपकिरी खपली नखाने काढून त्याने जिभेवर ठेवली. पुन्हा ठेवली. मग माझ्याकडे पाहिलं. मामाजी म्हणाले, "काय हाय जी?" तो म्हणाला, "जंग हाय, मामाजी. पाण्यापावसाचा." हात धुताना हौदाजवळ त्याने मला हळूच विचारलं, "भाऊ, दसऱ्याले नारळ कुठी फोडता?"

"उजव्या चाकावर. मधोमध."

"दरसाल?"

"दरसाल."

तो हौदाच्या कठड्यावर बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. माझ्या मानाच्या नारळाचं पाणी वर्षानुवर्षं त्या सांध्यात मुरत होतं, वरून रंगाचं झाकण. तो म्हणाला, "कोनाले सांगू नका, भाऊ. मामाजी नारळच बंद करतीन." त्या क्षणी मला त्याचा सगळ्यात जास्त राग आला. चांगुलपणातही त्याने मला पुढे जाऊ दिलं नव्हतं.

दसऱ्याला पूजा झाली आणि मामाजींनी बोलल्याप्रमाणे नारळ त्याच्यापुढे धरला. त्याने एकदम खांदा धरला. "आई वं! मामाजी, खांदा धरला माहा. हात वर जात नाई. भाऊले द्या." थोड्याच वेळापूर्वी त्याच हाताने फांदीला लोंबकळून त्याने तोरणासाठी आंब्याची पानं काढली होती. चाकापुढे एक काळा दगड आधीच आणून ठेवलेला होता. "दगडावरच फोडा, भाऊ. रंग नवा हाय," तो म्हणाला. मी फोडला. मान माझा राहिला. सासूबाईंनी मात्र संध्याकाळभर त्याच्या खांद्याला तेल चोळलं आणि त्याला शिरा करून घातला.

गेल्या हिवाळ्यात साळीचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन आला. त्याचा खांदा खरंच जाम झाला होता, फळीवरचा तागासुद्धा काढता येत नव्हता. मी ढाणकीला गेलो. दुकानात गल्ल्याशेजारी हातोडी पडलेली, आणि हा खुर्चीत एक हात मांडीवर ठेवून बसलेला. मला पाहून म्हणाला, "भाऊ, खोटं बोललो होतो ना त्या दसऱ्याले. देवानं ध्यानात ठेवलं." डॉक्टरांनी हात फिरवायला सांगितला होता आणि हा घरच्या कुणाला हात लावू देत नव्हता. मी जवसाचं तेल कोमट केलं, त्याचं कोपर धरलं आणि हात हळूहळू फिरवू लागलो.

"ठोकू नका हं."

"नाई ठोकत. आठाचे फेरे घेऊन राह्यलो."

तो हसला आणि कण्हला. मग डोळे मिटून म्हणाला, "हात हलका हाय तुमचा. मामाजी सांगतात ते खोटं नाई."

"मामाजी? काय सांगतात?"

"फोन केला का तुमचंच पुराण. भाऊनं हे पेरलं, भाऊनं ते केलं, भाऊ हायेत म्हून वावर हाय. खरं सांगू? लय जळतो मी तुमच्यावर."

"तुमी? अन् ते पाटोडी?"

"पाटोडी पाहुन्याले असते, भाऊ," तो म्हणाला. "मले तिथी कोनी साधं वरन वाढलं नाई कधी."

बाहेर रस्त्यावर एसटी थांबून निघून गेली. मी तसाच त्याचं कोपर धरून बसलो होतो.

"काहून थांबले?" त्याने विचारलं.

मी पुन्हा थोडं तेल घेतलं आणि हात फिरवू लागलो. खांदा त्या दिवशी सुटला नाही, पण मला परतीची घाई नव्हती.