इवायांच्या कोशाचं पारायण

अख्ख्या बीड जिल्ह्यात आमच्या इवायासारखा दुसरा माणूस सापडायचा न्हाई. असलाच तर त्याच्या घरच्यांनी त्याला लपवून ठेवला असंल. इवाई म्हणजे माझ्या थोरल्या सुनेचे वडील. जन्मभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं, आता सिरसाळ्याला राहतात. मी चौथी नापास. माझं म्हणणं असं, की मी नापास झालो न्हाई, मास्तर शिकवायला कमी पडले.

इवाई बाजारात वांगी घ्यायला गेले तरी काखेत एक जाडजूड कोश असतो. युरोपातल्या अलीकडच्या तत्त्वज्ञांचा. कोण माणूस, कुठला, काय म्हणाला, कुणाशी त्याचं पटलं न्हाई, सगळं थोडक्यात. वाचण्याच्या नादात पिशवीत वांग्यांऐवजी कांदे पडले तरी ह्यांना पत्ता नसतो. धारूरला एका लग्नात अक्षता पडल्या, पंगती उठल्या, तरी हे मांडवात वाचतच. मी म्हणलं, "इवाई, नवरी निघाली सासरी!" तर म्हणतात, "थांबा, ह्या जर्मनाचा गुरूशी वाद मिटतोय." वाद काही मिटला न्हाई. जिलेबी मात्र संपली.

मी त्यांना लई टोचायचो. "मूळ ग्रंथ सोडून हे कशापायी वाचता? जेवायचं सोडून वास घेत बसल्यासारखं!"

ते हसायचे. "इवाई, माझी लेक तुमच्या घरात देण्याआधी मी काय केलं? सोयऱ्याधायऱ्यांत चौकशी केली. घराणं कसं, माणसं कशी, भांडण कुणाशी. मग तुमच्या उंबऱ्यात आलो. कोश म्हणजे ती चौकशी. संसार नंतर ज्याचा त्यानं करायचा."

"मग चौकशीत माझं काय कळलं?"

"हट्टी आहेत, पण खोटं बोलत नाहीत."

मला ते पटलं. पण तसं तोंडानं कबूल केलं न्हाई.

त्यांचा एक डोळा काचबिंदूनं कधीचाच गेलेला. औंदा उरलेल्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यात काही तरी बिघडलं. डॉक्टर म्हणाले, दिसंल का न्हाई ते पट्टी निघाल्यावरच कळंल. सून त्यांना आमच्याकडं घेऊन आली. दिवसभर वासराच्या पाठीवर ठेवावा तसा कोशावर हात ठेवून बसायचे. मला ते बघवंना.

"आना हिकडं," मी म्हणलं, "मी वाचतो."

हातपाय धुतले, कोश पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं, पूर्वेला तोंड केलं आणि पहिल्या पानापासून सुरू केलं. इवाई दचकले. "अहो, ही पोथी नव्हे! यात हवा तो माणूस काढायचा, बाकीचे सोडायचे."

"मधलं पान सोडून पारायण आमच्यात करत न्हाईत."

"पण हा पहिला अगदीच टुकार आहे हो!"

"असू द्या. पंगतीला बसलाय, त्याला वाढावं लागंल."

अक्षराखाली बोट धरून मी वाचत गेलो. जोडाक्षराला अडखळलो की इवाई पट्टीआडून शब्द पुरा करायचे. खाली कुठं 'अमका पाहा' लिहिलेलं असलं की ते म्हणायचे, "काढा तो." मी म्हणायचो, "यील त्याच्या पाळीला." एकजण तर सगळ्यावरच संशय घेणारा निघाला, स्वतःच्या हातापायावरसुद्धा. मी म्हणलं, "ह्याला बैलबाजारात न्यायला पायजे हुता." इवाई इतके हसले, की सून स्वयंपाकघरातून पळत आली. "मामा, त्यांला हसवू नका, पट्टी हलंल!"

पट्टी काढायच्या दिवशी कोश माझ्याच हातात होता. डॉक्टरांनी बोटं दाखवली. इवाई म्हणाले, "बोटं राहू द्या," आणि माझ्याकडं हात केला. कोश नाकाशी धरला. एक पान उलटलं, मग दुसरं. सुनेनं माझी बाही घट्ट धरली.

मग इवाई म्हणाले, "काय हो, माझ्या पानावर हळद सांडलीय तुम्ही."

डोळे पुसायची वेळ आली, ती माझ्यावर.

आता ते सिरसाळ्याला आपले आपण वाचतात. जीव भांड्यात पडला. पण सकाळी आंघोळ झाली, की माझी नजर उगंच पाटाकडं जाती. पारायण 'क'मध्येच राहिलं.

परवा त्यांच्याकडं गेलो, तर अंगणात वाचत बसलेले, इथलं पान, तिथलं पान. कोश नुसता हातात घेतला. 'क'मध्ये मी घातलेला काळा दोरा जिथल्या तिथं होता.

"ह्यो काढला न्हाई?"

"कसा काढू?" इवाई म्हणाले. "अर्धवट सोडलेलं पारायण तुमच्यात चालतं का?"

त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि डोळे मिटले. मी हातपाय धुवायला उठलो.