दोन नावांचा कॉम्प्युटर

जगात असं एकही दार नसेल, ज्याच्यापुढे उभं राहून आमचे साडू खाकरले नाहीत. पोरीबाळींच्या घरात शिरताना थोरांनी बाहेरूनच खाकरायचं, ही पेडगावातली जुनी रीत. साडूंनी ती इतकी मनावर घेतली आहे की बँक असो, दवाखाना असो, नाहीतर स्वतःचं बियाण्यांचं दुकान, आधी घसा साफ होतो आणि मग पाऊल पुढे पडतं. फ्रिज उघडतानाही ते खाकरतात. एकदा भरदुपारी घरात चोर शिरला होता. साडू शेतातून आले, दारात रीतसर खाकरले आणि चोर मागच्या दाराने आरामात निघून गेला. बायकोने डोक्याला हात लावला, तर म्हणाले, "मला काय माहीत आत चोर हाय म्हणून? आन् माहीत असतं तरी असंच कसं शिरावं?" घरात या खाकरण्याला ठरलेलं उत्तर होतं. त्यांची मुलगी मुक्ता आतून म्हणायची, "या बाबा."

मुक्ता कॉलेजात असताना घरात कॉम्प्युटर आला. तिने त्यात दोन सिस्टीम टाकल्या. तिच्या अभ्यासाला लिनक्स, आणि साडूंच्या टायपिंगला व पत्त्यांच्या खेळाला विंडोज. सुरू केला की काळ्या पडद्यावर दोन नावं यायची, वर 'मुक्ता', खाली 'बाबा'. काहीच दाबलं नाही तर खालचे आकडे उलटे मोजत शून्यावर यायचे आणि मुक्ताचा भाग आपोआप उघडायचा. म्हणून नावं दिसली की साडू खाकरायचे आणि घाईघाईने खालच्या बाणाची कळ दाबून आपल्या भागात जायचे. लेकीच्या भागात ते कधीच गेले नाहीत.

यंदा मुक्ताचं लग्न झालं आणि ती पुण्याला गेली. मग एक दिवस कॉम्प्युटरने साडूंना विचारलं, अपडेट करू का? ज्याने आधी विचारलं त्याला नाही म्हणणं साडूंना जमत नाही. ते हो म्हणाले. तेव्हापासून नावं येईनात, थेट साडूंचाच भाग उघडू लागला.

"साडूभाऊ, मुक्ताचं नाव दिसंना गेलंय," त्यांचा मला परभणीला फोन आला.

"तुमचं चालतंय ना?"

"चालायलंय की. पण विचारायचं सोडलंय त्यानं."

कॉम्प्युटर घेऊन ते परभणीला आले. दुरुस्तीवाला म्हणाला, "सगळं पुसून एकच सिस्टीम टाकतो, लय फास्ट पळंल." साडूंनी कॉम्प्युटर उचलला आणि ऑटोत मांडीवर घेऊन बसले. मला म्हणाले, "पोर सासरी गेली म्हणून तिची खोली पाडायची का?" आणि तसेच पेडगावला परत गेले.

रविवारी मी पेडगावला गेलो. फोनवर मुक्ताचा व्हिडिओ कॉल लावला. "काका, सुरू होताना एफ-दोन दाबत राहा," ती म्हणाली. मी कधी लवकर दाबायचो, कधी उशिरा, आणि दर वेळी साडूंचा पत्त्यांचा भागच उघडायचा. अखेर एक निळा पडदा उगवला, सगळा इंग्रजीने भरलेला. परकं घर म्हणून साडू त्याच्यापुढेही खाकरले. कोणती सिस्टीम आधी सुरू व्हावी, त्या यादीत मुक्ताची ओळ खाली घसरली होती, ती वर न्यायची होती. मी भलतीच ओळ वर नेली. कॉम्प्युटर म्हणाला, मला काहीच सापडत नाही.

"गेलं का समदं?" साडूंचा चेहरा पार उतरला.

"काही गेलं नाही बाबा. काका, परत एफ-दोन."

पुन्हा निळा पडदा, पुन्हा खालीवर. मी नेमकं काय केलं ते मला आजही सांगता येणार नाही, पण काळा पडदा आला आणि त्यावर दोन नावं होती. मी विचारलं, "तिच्या भागात आहे तरी काय एवढं?"

"मला काय ठाऊक? मी कधी गेलोय का?"

असं म्हणून ते सवयीने खाकरले. फोन टेबलावर तसाच चालू होता. त्यातून मुक्ता म्हणाली, "या बाबा." आपण काय बोललो हे तिच्या लक्षातही आलं नसावं. पडद्यावरचे आकडे एकेक करून उतरत होते. साडूंचं बोट खालच्या कळीवर होतं. त्यांनी ती दाबली नाही.