वाहनांना हात लावू नये

आमचे शटरमामा कुठलीही गाडी बंद आहे असं सहजासहजी मानायचे नाहीत. परळच्या आमच्या टॉवरमध्ये रोज सकाळी दहाच्या सुमारास ते पार्किंगमधून फेरी मारायचे आणि उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या दाराचं हँडल एकदा ओढून बघायचे. एखादं दार उघडलंच, तर इंटरकॉमवरून मालकाला खाली बोलवायचे. "बटण दाबलं म्हणजे लॉक झालं असं नसतं. हात लावून बघितल्याशिवाय मी बंद म्हणत नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खरं तर त्यांचं काम पार्किंगचं विजेवर चालणारं शटर सांभाळण्यापुरतं होतं, म्हणूनच ते शटरमामा.

त्याआधी लालबागच्या एका गॅरेजमध्ये त्यांनी उभी हयात गाड्यांची कुलपं आणि हँडलं दुरुस्त करण्यात घालवली होती. गॅरेजच्या जागी इमारत आली आणि मामा सिक्युरिटीच्या गणवेशात आले. राहायचे नायगावच्या चाळीत, चालत यायचे, आणि एप्रिलमधल्या जयंतीचे दोन दिवस सोडले तर रजा म्हणून घ्यायचे नाहीत. स्वतःची सायकलसुद्धा नसलेला हा माणूस दुसऱ्यांच्या गाड्यांची एवढी काळजी का करतो, हे मला कधी कळलं नाही. मी सोसायटीचा सेक्रेटरी, मला तर माझ्याच गाडीचा कंटाळा होता.

शटर खाली येताना मामा तिथून हलायचे नाहीत. ते जमिनीला टेकेपर्यंत बघत राहायचे, कारण गाडी आत गेली की तिच्या मागून माणूसही आत जातो, असं त्यांचं म्हणणं. शटरचा रिमोट गाडीतच ठेवणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. "घराची चावी बाहेर दाराला लटकवून जाता का साहेब?" असं ते विचारायचे. लोक हसायचे, रिमोट गाडीतच ठेवायचे.

मी बिनचावीची, म्हणजे चावी नुसती खिशात असली तरी उघडणारी गाडी घेतली, तेव्हा रिवाजाप्रमाणे तिची चावी देव्हाऱ्यात ठेवली होती. आमचा देव्हारा दाराच्या लगत. मामा म्हणाले, "तिथून तिचा सिग्नल बाहेर येतो. चोर मशीन घेऊन दाराबाहेर उभा राहिला, तर खाली गाडीला वाटेल मालक आला. स्टीलच्या डब्यात ठेवा." मग एका रविवारी आम्ही दोघं चकल्यांच्या रिकाम्या डब्यात चावी घालून गाडीजवळ उभे. पहिल्या डब्याला प्लॅस्टिकचं झाकण होतं, गाडी खुशाल उघडली. मी पुन्हा वर गेलो, बायकोची बोलणी खाल्ली आणि स्टीलच्या झाकणाचा डबा आणला. या वेळी दार हललं नाही. मामा कधी नव्हे ते हसले. इतक्या वर्षांत त्यांना हसताना मी दोनचारदाच पाहिलं असेल.

पुढे सतराव्या मजल्यावर एक गृहस्थ राहायला आले. त्यांच्या काळ्या गाडीवर बोटांचे ठसे उमटतात, अशी त्यांची लेखी तक्रार आली. मागोमाग आणखी दोघांच्या. मला वाद घालायचा कंटाळा आला होता. मी नोटीस काढली : सुरक्षारक्षकांनी वाहनांना हात लावू नये. खाली माझी सही. मामांनी ती दोनदा वाचली, "बरं साहेब," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून हात पाठीमागे बांधून फेरी मारू लागले.

दीड महिन्याने, भर दुपारी, तीच काळी गाडी गेली. काच फुटली नाही, अलार्म वाजला नाही. त्या गृहस्थांनी सकाळी लिफ्टकडे चालता चालता बटण दाबलं होतं, मागे वळून पाहिलं नव्हतं. गाडी उघडीच राहिली. शटरचा रिमोट आतच होता. दुसऱ्या एका गाडीमागून आत शिरलेल्या चोरांनी आपल्या यंत्राने ती चालू केली, त्याच रिमोटने शटर उघडलं आणि निघून गेले. मामा तेव्हा मागच्या गेटवर पाण्याच्या टँकरची नोंद करत होते.

कमिटीच्या बैठकीत कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. सकाळच्या फेरीत मामा त्या गाडीपाशी थांबलेले दिसतात. पाठीमागचा एक हात सुटतो, हँडलपर्यंत जातो, मग परत मागे जातो आणि मामा पुढे चालू लागतात. "तो का थांबला? त्याला माहीत असणार," गृहस्थ म्हणाले. मामा का थांबले आणि त्यांनी हात का मागे घेतला, हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि प्यायलो.

पोलिसांनी मामांना दोन दिवस बसवून घेतलं आणि सोडलं. एजन्सीने कामावरून काढलं. जाताना ते माझ्याकडे आले. "साहेब, हात लावू नये असा सोसायटीचा हुकूम होता, एवढं एका कागदावर लिहून द्या. चोरीचा डाग घेऊन या वयात मला कोण उभं करेल?" मी म्हणालो, कमिटीला विचारतो. कमिटी म्हणाली, विम्याचं मिटेपर्यंत काही लिहू नका. मामा तीन दिवस गेटबाहेरच्या बाकावर येऊन बसले. मी दुसऱ्या गेटने ये-जा केली. चौथ्या दिवशी ते आले नाहीत.

चोर दोन महिन्यांनी दुसऱ्याच एका चोरीत सापडले. त्यांनी या गाडीचंही कबूल केलं. मामांना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. त्या संध्याकाळी मी सोसायटीच्या लेटरहेडवर कुणालाही न विचारता सगळं लिहिलं, नोटिशीसकट, आणि नायगावला गेलो. मामांनी मला खुर्ची दिली, स्वतः पलंगावर बसले. सुनेने चहा आणला. त्यांनी चष्मा लावून पत्र शेवटपर्यंत वाचलं, नीट घडी घातली आणि माझ्यापुढे धरलं.

"तुमच्याकडेच ठेवा साहेब," ते शांतपणे म्हणाले. "आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे."