आजोबांपासून पिंकीपर्यंत दोन वाटा

"सावंत, उद्या सकाळी लॅबच्या मॅडम येतायत आणि तुझा प्रोग्राम अजून हँगच?" आमचे मालक शाहसाहेब खुर्चीमागे उभे होते. "ऑर्डर गेली तर शटर डाऊन. मग मी इथे झेरॉक्स टाकणार, आणि तू कागद लावणार."

पूनम सागर सोसायटीतल्या वन-बीएचकेत आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. काम विषाणूंच्या वंशावळींचं. विषाणू एकमेकांत मिसळतात, त्यामुळे वंशावळीचं झाड न राहता जाळं होतं. वेगळ्या झालेल्या फांद्या खाली परत जुळतात. दोन लॅबनी काढलेली अशी दोन जाळी किती वेगळी आहेत, हे आम्ही सांगायचं. माझा प्रोग्राम प्रत्येक तुकडा प्रत्येक तुकड्याशी लावून बघायचा आणि मान टाकायचा.

शेवटी सोपी युक्ती सुचली. प्रत्येक पूर्वजापासून शेवटच्या वंशजापर्यंत किती वाटांनी पोचता येतं, तेवढंच मोजायचं आणि दोन्हीकडचे आकडे ताडायचे.

टेस्टला आमचंच खानदान घेतलं. आमच्यात मामाची मुलगी करतात. आत्याच्या नीलेशने माझ्या काकाची सुजाता केली, त्यांची ही पिंकी. एक जाळं आईला विचारून काढलं, दुसरं आत्याला फोन करून. उत्तर चुटकीसरशी आलं. ते नीट न वाचताच मी खुशीत घरी गेलो.

सकाळी मॅडमनी आणलेली जाळ्यांची सीडी काही केल्या उघडेना. शाहसाहेबांनी मोठ्या थाटात डेस्कटॉपवरची फाइल उघडली. "मॅडम, तोवर हे सँपल बघा."

स्क्रीनवर आलं: आजोबा ते पिंकी, पहिल्यात दोन वाटा, दुसऱ्यात एक. कालची टेस्टची फाइल मी तिथेच ठेवली होती.

"पिंकी हा विषाणूचा कुठला स्ट्रेन?" मॅडमनी विचारलं.

"माझी पुतणी लागते. भाचीपण."

"मग दुसऱ्यात एक वाट गेली कुठे?"

मी बघितलं. आत्याच्या जाळ्यात काकाच नव्हता. शाहसाहेबांनी मला तिथल्या तिथे आत्याला स्पीकरवर फोन लावायला लावला.

"नीलेशच्या लग्नात मला कसली फिकी साडी दिली त्याने," आत्या म्हणाली. "तो माझा भाऊ नाही."

"अगं, तुझ्या सुनेचा बाप आहे तो."

"ते तिचं ती बघेल."

मॅडम डोळे पुसत हसत होत्या. "प्रोग्राम बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आत्याचं बघा काहीतरी." ऑर्डर मिळाली. झेरॉक्सचा विषय शाहसाहेबांनी परत काढला नाही.

भाऊबीजेला काकाने गुपचूप आत्याकडे पैठणी नेली. मी आत्याला विचारून जाळं परत काढलं. फरक शून्य.

तेव्हापासून दोन जाळी जुळली नाहीत तर मी लगेच कोड उघडत नाही. लग्नात कोणाला काय दिलं, ते आधी विचारतो.