पाठमोऱ्या दोघी

आमच्या घरात प्रत्येकाला दोन नावं आहेत. एक तोंडाचं आणि एक हाताचं. थोरल्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळं तोंडाचं नाव तिच्या काही कामाचं नाही. आईचं हाताचं नाव म्हणजे नाकपुडीवर टेकवलेलं बोट, तिच्या चमकीवरून. माझं नाव म्हणजे कानाची पाळी ओढणं. लहानपणी माझा कान कायम वडिलांच्या चिमटीत असायचा, तेव्हा ताईला ती माझी ओळखच वाटली असणार. माझ्या मुलीच्या कुरळ्या केसांवरून तिचं नाव पडलं, कानापाशी दोन बोटं फिरवायची.

ताई काही वर्षं मूकबधिरांच्या शाळेत गेली होती, पण तिथल्या खुणा वेगळ्या. ही घरातली भाषा आईनं आणि तिनं स्वयंपाकघरात बसून तयार केलेली. आई अक्कलकोटकडची, बोलताना अर्धं कानडी आणि अर्धं मराठी. ताईला दोन्ही सारखंच, त्यामुळं आमच्या घरात भाषेवरून कधी भांडण झालं नाही. बाकी सगळ्यावरून झालं.

ह्या भाषेला एक शिस्तही आहे. सोलापूरच्या भवानी पेठेतलं घर, मोजून दोन खोल्या, दार लावून बोलायची सोय नाही. म्हणून दोघंजण खासगी बोलत असतील तर तिसऱ्यानं मान फिरवायची. दुसऱ्याच्या हातांकडे टक लावून बघणं म्हणजे भिंतीला कान लावणं. मी एकदा ताईचं आणि आईचं बोलणं असं चोरून बघितलं होतं, तर आईनं पळी फेकून मारली.

आई आता ऐंशीला टेकली आहे. अलीकडे तिनं एकच धोशा लावला होता. "माज्या माघारी हिच्यासंगट कोन बोलनार?"

"मी काय मेलोय काय?" मी भडकून म्हणायचो.

"तू बोलतोस व्हय? तू नुसतं जेवलीस का, वीजबिल भरलंस का. ते काय बोलनं हाय?"

मी शाळेत गणित शिकवतो, फळ्यासमोर तासन्‌तास बोलतो, पण ताईशी माझं बोलणं कामापुरतंच. बायको लग्न होऊन आली तेव्हा जेवढं शिकली तेवढंच. मुलगी मात्र तोंडानं बोलायच्या आधी हातानं बोलायला लागली होती. दुधाची बाटली तिनं आत्याकडे हातानं मागितली होती. पण ती कॉलेजला पुण्याला गेली, तिथंच नोकरीला लागली, आणि तिचे हात मुके होत गेले. सुट्टीत आली की आत्याला मिठी मारायची, हसायची, मोबाईलमधले फोटो दाखवायची. आत्यानं जरा लांबलचक काही विचारलं की "आजी, काय म्हणतेय गं?" म्हणून आईकडे वळायची.

एक गोष्ट मात्र टिकून होती, ती म्हणजे दुपारचा खेळ. उन्हाळ्यात दुपारी सोलापुरात कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. बायकोला दुपारची झोप देवापेक्षा प्रिय. आम्ही बाकीचे पडदे ओढून, कूलर लावून टीव्हीपुढे बसायचो. मुलीनं शाळेत असताना हट्टानं घ्यायला लावलेलं गेमचं यंत्र आणि त्यातला नावेचा खेळ. तिघांनी मिळून नाव हाकायची, खडक चुकवायचे, पुरात अडकलेली शेळ्या-मेंढरं उचलून काठाला लावायची. सुकाणू कायम ताईकडे. आई बटणाला हात लावायची नाही, पण खेळातली सगळ्यात मोठी कामगिरी तिचीच. ती बाजूला बसून आमचा आरडाओरडा ताईला हातानं सांगायची आणि ताईच्या शिव्या आम्हाला तोंडानं. त्या पडद्यापुढे ताई कुणापेक्षा तसूभर कमी नव्हती. शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट भिंतीतून येतो, तो ती तळवा टेकवून घेते, पण आमचं हसणं तिला फक्त तिथंच मिळायचं.

ह्या एप्रिलमध्ये मुलगी आली ती दोन खोकी घेऊन. पुण्यातल्या ज्या छोट्या कंपनीत ती आहे तिथं खेळ तयार करतात. तिच्या टीमनं सगळ्या घरानं मिळून खेळायचा एक खेळ केला होता, आणि कल्पना बिनदिक्कत आमच्याच घरातून उचललेली: नदी आणि नाव. कंपनीत वाद एवढ्यावर चालला होता, की हा खेळ फक्त डोळ्यांवर चढवायच्या त्या व्हीआर चष्म्यासाठी काढायचा की टीव्हीवरही. मुलगी पहिल्या पक्षाची.

"घरच्यांनी मिळून खेळायचा खेळ, आणि ज्याच्या त्याच्या डोळ्याला झापडं?" मी म्हणालो. "घाण्याच्या बैलाला बांधतात तशी?"

"घालून तर बघा की बाबा. टीव्हीवर तुम्ही खेळ बघता. ह्यात तुम्ही आत असता. दोन्हीकडं चालवायचा म्हटलं की धड हे नाही, धड ते नाही."

घातला. मला खोटं बोलता येत नाही, म्हणून सांगतो: माझी दातखीळ बसली. पायाखाली फळ्या होत्या, फळ्यांखाली पाणी. वर बघितलं तर दोन्ही बाजूंनी आभाळापर्यंत कडे, आणि त्यातून बगळ्यांची रांग डोक्यावरून पलीकडे गेली. मी मान वळवून त्यांना जाताना बघितलं. ज्या गावात चार दिवसांआड नळ येतो तिथं मी एवढ्या पाण्याच्या मध्ये उभा होतो. एक पाऊल मागं सरलो आणि शोकेसवर आदळलो. आईनं घालून बघितला, तिला लगेच गरगरलं. "साकु," म्हणजे पुरे, म्हणत तिनं तो काढला आणि लिंबू मागितलं.

मग मुलगी स्वतः चष्मा चढवून काहीबाही जुळवत बसली. ताई समोर उभी. तिनं विचारलं, काय दिसतंय? मुलीचे डोळे झाकलेले. ताईनं पुन्हा विचारलं. मग खांद्याला हात लावला, तशी मुलगी इतकी दचकली की तिचा कोपर ताईच्या तोंडाला लागला. लागलं फार नाही. पण ताई आपल्या शिलाई मशीनवर जाऊन बसली आणि कारखान्यातून आणलेल्या टॉवेलच्या कडा मारायला लागली. कडा कधीच्या मारून झाल्या होत्या. मारलेल्यांवरच ती परत मारत होती.

आई कडाडली, "काड ते टोपडं! एक जागा होती माज्या पोरीला आमच्यात बसायची, ती बी घिऊन चाललीस व्हय?"

मुलगी रडवेली झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनंच दोन्ही चष्मे खोक्यांतून बाहेर काढले. ताईपुढे बसून, अडखळत का होईना, हातानं म्हणाली, तू, मी, दोघी, आत. ताईनं आईकडे बघितलं, मग चष्म्याकडे. मग केस मागं बांधून उभी राहिली, एखादीनं विहिरीत उतरायला पदर खोचावा तशी. आत चाललंय ते टीव्हीवर दाखवता येतं म्हणे, पण आमच्या जुन्या टीव्हीला ते जमलं नाही. त्यामुळं आई आणि मी दिवाणावर बसून नुसत्या दोन बायका बघत होतो. ताईचं तोंड स्वयंपाकघराकडे, मुलीचं रस्त्याकडच्या खिडकीकडे. एकमेकींना पाठमोऱ्या. दोघींच्या हातात एकेक जोडी रिमोट.

थोडा वेळ दोघींनी नाव हाकली असावी. ताई डावी-उजवी झुकत होती, घशातून तिचा तो आनंदाचा आवाज येत होता. मग तिला काहीतरी सांगायचं झालं. आणि ताईला सांगायचं म्हणजे हात मोकळे लागतात. भर प्रवाहात तिनं दोन्ही रिमोट दिवाणावर फेकून दिले. एक माझ्या मांडीवर पडला.

"आत्या, सोडू नको!" मुलगी ओरडली, आणि तशीच थांबली. "बाबा! तिचे हात दिसायला लागले! हात आले बाबा!"

नंतर तिनं समजावलं, की रिमोट सोडले की चष्मा मोकळे हात ओळखतो आणि नावेतल्या दुसऱ्याला समोर दाखवतो. ही सोय त्यांच्या टीमनं उगाच करून ठेवली होती. कुणी वापरेल असं वाटलं नव्हतं. रिमोट घट्ट धरायचे हे जगातल्या सगळ्या खेळणाऱ्यांना ठाऊक असतं. बोलण्यासाठी ते टाकून देणारी माणसं त्यांनी बघितली नव्हती.

मुलीनंही आपले रिमोट टाकले.

त्यानंतर जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. ताईनं स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून हवेत विचारलं: कुरळी, नदी केवढी, भीती वाटते का? तिच्या पाठीमागं, खिडकीकडे तोंड करून उभ्या असलेल्या माझ्या मुलीनं उत्तर दिलं: नाही, तू आहेस. दोघींचे डोळे झाकलेले. मध्ये चार हातांचं अंतर, पाठीला पाठ. आणि बोलणं नेमकं, पाळीपाळीनं, एकीचे हात थांबले की दुसरीचे सुरू. मुलगी चुकत होती. ताई तोच शब्द पुन्हा सावकाश करून दाखवत होती, आणि पलीकडं पाठमोरी पोर तो गिरवत होती. मदतीला आजी नव्हती, मोबाईल नव्हता, तोंडावरचं हसू नव्हतं. आत बोलायला फक्त हात होते. गंजलेले शब्द एकेक करून सुटे होत होते.

मी आईकडे बघितलं. ती तोंडावर पदर धरून बघत होती. देवळात गाभाऱ्याचं दार उघडल्यावर बघते तशी.

मग ताईनं विचारलं, पुण्यात बरी आहेस ना? मुलीचे हात एकमेकांत गुंतले. मग हलले. एकटी, एवढं मला दिसलं. रात्र, एवढं दिसलं. तेवढ्यात आईनं माझी हनुवटी धरून मान भिंतीकडे फिरवली.

"बगू नगंस. त्येंचं त्येंनी बोलू दे."

मी आणि आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून बसलो. खोलीत चार माणसं आणि कुणाचंच तोंड कुणाकडे नाही. मागं कपड्यांची सळसळ तेवढी ऐकू येत होती, मध्येच मुलीचं नाक ओढणं. मला तिची काळजी वाटत होती, आणि तिला बोलायला कुणीतरी मिळालं ह्याचा आनंदही होत होता. आपण मध्ये पडावं असं पहिल्यांदाच वाटलं नाही.

कॅलेंडरकडेच बघत आई हळू म्हणाली, "मी त्येंच्या नदीत न्हाय न्हवं?"

"नाहीस."

"आन्‌ तरी बोलतायत की दोगी." तिच्या आवाजात इतकं समाधान मी कधी ऐकलं नव्हतं. "मी गेल्यावर कसं असंल ते आज बगितलं बग मी. लई चांगलं हाय."

मी कॅलेंडरवरचे वार मोजत राहिलो.

बऱ्याच वेळानं दोघींनी चष्मे काढले. दोघींच्या नाकावर वळ, दोघींचे डोळे लाल. मुलगी माझ्यासमोर येऊन बसली. "आता सांगा बाबा. टीव्हीवर हे झालं असतं?"

"नसतं झालं," मी म्हणालो. खरंच नसतं झालं. टीव्हीपुढं आई असते, आणि आई असली की पोरगी तिच्याकडे वळते.

"मग फक्त चष्म्यावरच काढू दे ना आम्हाला?"

मी हो म्हणणारच होतो. पण ताईचं लक्ष आईच्या ओल्या डोळ्यांकडे गेलं होतं. तिनं माझा दंड हलवला. काय झालं हिला? आई सांगू लागली असती तर गोड करून सांगितलं असतं. पण आई मान खाली घालून बसलेली. म्हणून मला सांगावं लागलं. वीजबिलाच्या पलीकडचं मी ताईला पहिल्यांदाच काही सांगत होतो. चमकी. उद्या नाही. तू आणि कुरळी, बोलत. चमकीनं बघितलं. चमकी खूश.

ताई माझ्या हातांकडे शेवटपर्यंत बघत राहिली. मग आईपुढे खाली बसली, तिचा चेहरा हातानं वर केला आणि स्वतःचे हात तिच्या डोळ्यांसमोर धरले. एवढं मोठं बोलणं ताईनं फार कमी वेळा केलं असेल. नदी. नाव. मी मागं वळले. चमकी नाही. कुरळीला म्हटलं, चमकी कुठंय? पुढं पाणी, मी परत मागं वळले. चमकी नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा विचारलं.

"खरंच आजी," मुलगी म्हणाली. "रडायचं झाल्यावर सगळा वेळ तेच. तुला का नाही घेतलं, तुला आणायला नाव मागं फिरव. मी म्हटलं आजीला चक्कर येते, ती इथं येऊ शकत नाही. तिला ते पटेचना."

आम्ही भिंतीकडे तोंड करून बसलो होतो तेव्हाच हे सगळं झालं होतं.

मुलीनं दोन्ही चष्मे खोक्यात ठेवले. "टीव्हीवर पण निघायला पाहिजे," ती म्हणाली. "नाहीतर मी कशाला घरचा खेळ म्हणू त्याला. मी भांडते टीममध्ये."

ताई अजून आईपुढंच होती. तू का नव्हतीस, एवढं हातानं विचारून उत्तराची वाट बघत बसली होती. आईला आजवर तिच्या कुठल्याच प्रश्नाला उत्तर द्यायला वेळ लागला नव्हता. तिनं दोन्ही हात वर उचलले, आणि ते तसेच हवेत राहिले.