औताडे सरांचा युगोस्लाव्हिया

औताडे सरांनी आम्हाला कधी छडी मारली नाही, की मैदानाला चकरा मारायला लावल्या नाहीत. त्यांची शिक्षा वेगळीच होती. एखादी पोर चेंडू स्वतःजवळच ठेवून एकटी बास्केटकडे पळत सुटली, मोकळ्या उभ्या असलेल्या मैत्रिणीकडे तिनं बघितलंच नाही, की सर तोंडातली शिट्टी काढून खिशात घालायचे आणि म्हणायचे, "बसा खाली सगळ्या. युगोस्लाव्हिया सांगतो." आम्ही कपाळावर हात मारून घ्यायचो. तापलेल्या सिमेंटवर बूड भाजत बसायचं आणि कुठल्या तरी परक्या देशाच्या पुरुषांच्या संघाची कहाणी ऐकायची! बरं, झोप काढायचीही सोय नव्हती, कारण मध्येच एखादीला उभं करून पुढचं विचारायचे.

मी उस्मानपुऱ्यातल्या त्या शाळेत आठवीत आले. आमचे वडील धनगर, मेंढरं विकून शहरात आलेले, एका कॉलनीवर वॉचमन. मी उंच होते, आणि तोंडानं फटकळ. पहिल्याच दिवशी चेंडू घेऊन एकटीच पळत सुटले, तेव्हा सरांनी मला थांबवून विचारलं, "कोनाची गं तू?" मी सांगितलं. त्यावर हसले. "मग कळपातलं एक मेंढरू बाजूला गेलं तर लांबून कळत आसंल की तुला. आन् हितं चौघी जणी हात वर करून उभ्या हायेत, त्या दिसत नाय व्हय?" मला असा राग आला! पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मैदानावर गेले, आणि तेव्हापासून मैदान काही सुटलं नाही. पुढे मी त्याच शाळेत खेळाची शिक्षिका झाले, सरांच्या हाताखाली, आणि त्यांच्याच गल्लीत भाड्यानं राहायलाही आले. सरांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, मला "आमची मंगल" म्हणायच्या, सर "मंगले".

तरुणपणी सर पतियाळ्याला कोचिंगच्या कोर्सला गेले होते. तिथे त्यांना जुन्या सामन्यांच्या कॅसेटी दाखवल्या, आणि त्यात त्यांना हा संघ भेटला. मराठवाड्याच्या मातीतला माणूस, घरी ज्वारी-तूर, पण त्या संघाच्या पासिंगवर असा काही लुब्ध झाला की जन्मभर दुसरं दैवत केलं नाही. सांगायची पद्धत मात्र अस्सल गावाकडची. "लई मोठं खटलं व्हतं ते," सर सुरू करायचे. "एक घर, भाऊ समदे येगळ्या सोभावाचे. कोनाचा देव येगळा, कोनाची लिपी येगळी. पहिल्यांदा दुनियेच्या स्पर्धेला गेले तर शेवटचा नंबर. समदे हसले. हे गप घरी आले आन् शिकत बसले. वीस वर्सांनी त्याच स्पर्धेत, आपल्याच दारात, पहिले! का? तर चेंडू कोनाच्याच बापाचा नव्हता."

मग त्यांचा आवाज उतरायचा. घर फुटत आलं होतं तेव्हाही हा संघ जिंकतच होता. एका वर्षी युरोपची स्पर्धा चालू असतानाच तिकडे देशात गोळीबार सुरू झाला. संघातल्या एकाला त्याच्या नव्या सरकारचा निरोप आला, आता त्यांच्याकडून खेळू नकोस. तो पिशवी भरून निघून गेला, आणि बाकीच्यांनी त्याच्यावाचून स्पर्धा जिंकली. "जिंकले म्हनं!" सर थुंकल्यासारखं म्हणायचे. "घराला आग लागली आन् हे दारात तोरन बांधत व्हते. मग चुली येगळ्या झाल्या. किती? कोन म्हनतं सहा, कोन म्हनतं सात. त्या आकड्यावर बी भांडन हाय अजून."

सगळ्यात शेवटी पदकांचा प्रसंग. देश फुटल्यावर काही वर्षांनी त्यातले दोन संघ एकाच स्पर्धेत खेळले. एक पहिला आला, एक तिसरा. तिसऱ्या नंबरवाल्यांनी पदकं गळ्यात घालून घेतली आणि पहिल्यांचा सत्कार व्हायच्या आत चौथऱ्यावरून उतरून सरळ निघून गेले. थोड्याच वर्षांपूर्वी एकाच बनियनवर खेळलेली, एका ताटात जेवलेली माणसं ती! हे सांगताना सरांच्या मानेची शीर फुगायची. "अरे, दोन मिन्टं उभं राहायला काय झालं? पाय मोडले काय? ज्याच्यासंगं खेळलास, त्याच्या देशाचं गानं लागलंय. दोन मिन्टं!" आणि मग शिट्टी खिशातून बाहेर काढायचे. "उठा. पास द्या एकमेकीला. मरू नका अशा."

ह्या माणसाला एक सख्खा धाकटा भाऊ आहे, हे मला कितीतरी वर्षं ठाऊक नव्हतं. काकूंनी एकदा लसूण सोलता सोलता सांगितलं. पैठण रस्त्यावरच्या गावात त्यांचं रान. लहानपणी ह्या दोघा भावांनी घमेल्याचं बूड कापून त्याची रिंग केली आणि खळ्याच्या कडेला लाकडी खांबावर ठोकली. भानुदास, म्हणजे भानू, बास्केटवर नेम धरण्यात सरांपेक्षा सरस. दोघं जिल्ह्याकडून खेळले. "ह्यांनी न बघता चेंडू टाकायचा आन् भानूभाऊ तिथं हजर. लोक सायकलवर बघायला यायचे," काकू म्हणाल्या. मग सरांना शहरात नोकरी लागली, भानू शेती बघू लागला. त्याचा अंकुश झाला तो सरांच्याच खांद्यावर वाढला.

पुढे रस्ता मोठा झाला आणि रस्त्याकडेच्या रानाला सोन्याचे दिवस आले. भानू म्हणाला, मी मातीत हाडं झिजवली, रस्त्याची बाजू माझी. सर म्हणाले, बापाचं आहे, निम्मं-निम्मं. खरं सांगते, दोघांचंही मला पटतं. पण सर कोर्टात गेले, आणि भानूनं रागाच्या भरात जेसीबी बोलावून खळं उकरलं. खांब मोडला, रिंग मातीत गेली. त्या दिवशी सरांनी गावात चार माणसांत सांगून टाकलं, "आजपास्नं सुतक तुटलं." आमच्याकडे ह्याच्यापुढे शिवी नाही. म्हणजे तू मेलास तर मी आंघोळ करणार नाही, मी मेलो तर तू खांदा द्यायचा नाही.

मागच्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात एका दुपारी शाळेच्या फाटकाशी एक बाई डोक्यावरचा पदर सावरत उभी होती. भानुदासची बायको, सुमनबाई. सरांकडे जायची छाती होईना म्हणून मला शोधत आली होती. "ताई, ह्यांना घशाचा रोग झालाय. हितंच दवाखान्यात हायेत. लई दिस नाय आता. दादांची वाट बघत्यात. तुम्ही तेवढं दादांना घेऊन या, पाया पडते." मी म्हटलं, त्यांनी स्वतः बोलावलंय का? तिनं क्षणभर खाली बघितलं आणि म्हणाली, "बोलावलंय."

मी त्याच संध्याकाळी सरांच्या घरी गेले. सर ऐकून घेऊन म्हणाले, "धाकट्यानं आधी बोलावं. त्याच्या तोंडानं दादा म्हनू दे, मी पळत जातो." मी म्हटलं, अहो, माणूस मरायला टेकलाय! "खांब उपटताना नाय आठवला व्हय दादा?" मग माझीही जीभ सुटली. "सर, आयुष्यभर आम्हाला तापल्या सिमेंटवर बसवून काय शिकवलंत? दोन मिनिटं उभं राहायला काय झालं, असं कोण विचारत होतं? का ती गोष्ट फक्त आठवीच्या पोरींसाठी होती?" सर उठून आत गेले. आतून फक्त एवढंच आलं, "लई शानी झालीस."

त्यानंतर शाळेत माझ्याशी बोलेनात. मीही हट्टानं बोलले नाही. आणि मग एका रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून, माझ्या दारात उभे. "स्कूटी काढ," म्हणाले. औरंगपुऱ्यात थांबून त्यांनी बालूशाही घेतली. भानूला आवडते, एवढंच म्हणाले. क्रांती चौक ओलांडताना मागे बसून ते काहीतरी पुटपुटत होते. काय बोलायचं त्याची तयारी चालली असावी. मला इतकं बरं वाटलं! वाटलं, चला, एक तरी घर जुळतंय.

दवाखान्यात वॉचमन एकालाच वर सोडत होता. सर गेले, मी खाली लिंबाखाली थांबले. मी चहा मागवला, तो यायच्या आत सर जिना उतरताना दिसले. खोका तसाच हातात. चेहरा दगडाचा. "चल," म्हणाले. क्रांती चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा मागून आवाज आला, "मी म्हनलं, भानू. एकटाच व्हता. गळ्याला मफलर गुंडाळून पडला व्हता. माझ्याकडं बघितलं. मी वाट बघितली मंगले, देवाशपथ बघितली. शब्द काढला नाय त्यानं. मग हातानं असं केलं," आणि त्यांनी तळहात खाली दाबून दाखवला. "जा म्हनला. कुत्र्याला हाकलावं तसं. बास. संपलं." सिग्नल सुटला, मागचे लोक हॉर्न मारत होते.

त्याच आठवड्यात भानुदास गेला. निरोप काकूंच्या माहेराकडून फिरून आला. सर पायात चप्पल अडकवून निघाले. मी पाठोपाठ गाडी काढली. गावात पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. सर पुढे झाले आणि अंकुश आडवा आला. ज्याला ह्या माणसानं खांद्यावर मिरवलं, तो पोरगा सगळ्या गावासमोर म्हणाला, "तुम्हीच तोडलंय ना सुतक? मग हात लावायचा नाय." कुणी मधे पडलं नाही. सर मागे सरकले. सगळी माणसं पुढे गेली, आणि बायकांच्याही मागे, सगळ्यात शेवटी, सर एकटे चालत होते. असा अपमान शत्रूचाही बघायची वेळ येऊ नये.

स्मशानातून परतल्यावर सुमनबाई त्यांच्यासमोर आली. रडून रडून घसा बसलेला. "दादा, त्या दिशी तुम्ही बसला का नाय हो? मी औषिदं आनाया खाली गेलते. ते तुमाला बसा म्हनत व्हते. खाटंवर हात दाबून दाबून बसा म्हनत व्हते, मी वर आल्यावर मला बी तसंच करून दाखवलं." सरांनी विचारलं, "तोंडानं का नाय म्हनला?" "तोंड कुठलं दादा! दिवाळीलाच आपरेशन झालं. आवाजाची नळीच काढून टाकली. मफलरखाली भोक व्हतं निस्तं. मी मुद्दाम सांगितलं नाय ताईला. म्हनलं, बोलता येत नाय कळलं तर तुमी म्हनाल, मग जाऊन तरी काय करू. तुमी गेल्यावर लहान पोरावानी रडले ओ. आवाज नाय, निस्तं पानी."

सर भिंतीला हात लावून उभे होते. मला त्या बाईचा राग आला, सरांचा आला, खाली लिंबाखाली चहाची वाट बघत थांबलेल्या माझा स्वतःचाही आला.

त्यांनी सुतक पाळलं. डोकं, मिशा, सगळं उतरवून दहा दिवस उस्मानपुऱ्याच्या दोन खोल्यांत बसले. शाळेत परत आले तेव्हा पोरी त्या बोडक्या डोक्याकडे चोरून बघत होत्या. शिकवणं चालू राहिलं, पण शिट्टीचा आवाज कमी झाला. एकदा एका नव्या पोरीनं चेंडू दाबून ठेवला, तेव्हा बाकीच्या आपणहून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "सर, युगोस्लाव्हिया!" सर म्हणाले, "उठा गं. ती गोष्ट मला नीट येत नाय." पुन्हा त्यांनी ती कधीच सांगितली नाही. कोर्टातली केसही काढून घेतली. अंकुशनं त्याचे आभार मानले नाहीत, की ओळख दाखवली नाही.

गेल्या उन्हाळ्यात सर झोपेतच गेले. अंकुशला फोन केला होता. तो आला नाही, काकूंनीच अग्नी दिला.

पण त्याच्या आधी, जवळजवळ वर्षभर, सर दर रविवारी गावाला जायचे. कधी बसनं, कधी मी सोडायची. ओसरीवर भानुदासची खाट तशीच होती. सर आले की अंकुश मोटारसायकलला किक मारून निघून जायचा, त्यांच्या अंगावर धूळ उडवून. सर जाऊन खाटेच्या कडेला बसायचे. बोलणं नाही, चालणं नाही. सुमनबाई चहा आणून ठेवायची. ऊन कलेपर्यंत बसायचे आणि उठायचे.

शेवटच्या खेपेला मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, तो पोरगा तुमचं तोंड बघत नाही. गाव हसतंय. हे किती दिवस चालवायचं? काय मिळतं इथं येऊन?"

सरांनी खाटेवरची चादर हातानं सारखी केली.

"भानू बस म्हनला व्हता मंगले," ते म्हणाले. "तवा नाय बसलो. आता बसतो."